गुळवेल आणि एक पत्रक

सुरुवातीलाच एक विनंती. पहिल्या रांगेपासून दोन ताटल्या फिरवायला दिल्या आहेत. त्यांत गुळवेलीच्या खोडाच्या चकत्या आहेत, आज सकाळीच कापलेल्या. हातात घ्या, उजेडात धरून बघा, वास घ्या आणि पुढे द्या. जिभेला लावून बघायचा मोह मात्र तेवढा आवरा.

आजचं व्याख्यान गुळवेलीवर आहे असं जाहीर झालंय, आणि ते खरंच आहे. पण अधिक नेमकं सांगायचं तर ते एका वाक्यावर आहे. 'रोगप्रतिकारशक्ती वाढवणारी ही दिव्य वनस्पती असून तिचा कोणताही दुष्परिणाम नाही.' हे किंवा याच्या जवळपासचं वाक्य आपण प्रत्येकानं वाचलेलं आहे. रोपवाटिकेतल्या पाटीवर, बाटलीच्या वेष्टनावर, मोबाइलवर आलेल्या निरोपात. आम्हीही ते वाचलं होतं, आणि २०२० च्या पावसाळ्यात आमच्या गटानं वसाहतीत गुळवेलीचे छाट वाटले तेव्हा सोबतच्या एका पानी पत्रकात ते छापलंही. म्हणजे आज ज्या मजकुराची समीक्षा करायची तो आमचाच आहे. दुसऱ्याच्या मजकुरावर बोलणं सोपं असतं, म्हणून हे आधीच कबूल केलेलं बरं.

पुढच्या वर्षी आमच्याकडून छाट नेलेल्या एका काकूंना कावीळ झाली. थायरॉइडचा त्यांचा त्रास जुना. दोन-अडीच महिने सकाळी उपाशीपोटी काढा चालला होता, नेमानं. डॉक्टरांनी काढा बंद करायला लावला, औषधं दिली, काकू बऱ्या झाल्या. एवढ्यावरून कावीळ गुळवेलीनंच झाली असं ठरत नाही, आणि आम्ही तसं म्हणतही नाही. पण भेटायला गेलो तेव्हा त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "तुम्ही लिहिलं होतंत ना, याचं काही होत नाही म्हणून?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. आपण ते वाक्य कशाच्या आधारावर छापलं, हे शोधायला आम्ही त्यानंतर बसलो.

पहिली गोष्ट सापडली ती अशी की, जुन्या परंपरेत असं वाक्य नाहीच.

गुळवेलीची संस्कृत नावं बघा. छिन्नरुहा, म्हणजे तोडली तरी पुन्हा रुजणारी. तोडलेला तुकडा कुंपणाच्या तारेवर अडकवून ठेवला तरी तो आठवडेच्या आठवडे हिरवा राहतो, आणि वरून दोऱ्यासारखी मुळं जमिनीकडे सोडतो. चक्रलक्षणा, म्हणजे चाकाची खूण असलेली. ताटली ज्यांच्या हातात आहे त्यांनी आता चकतीकडे पाहा. मध्यापासून कडेकडे पाचरींसारख्या गेलेल्या लाकडाच्या पट्ट्या, दोन पट्ट्यांमध्ये रुंद मऊ फट. बैलगाडीचं चाकच. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली जे बघून वहीत काढतो, ते इथे नुसत्या डोळ्यांनी दिसतं आणि कुणीतरी ते नावातच बांधून ठेवलंय. वत्सादनी, वासरं जी खातात ती. कुंडलिनी, वेटोळी घालणारी. ही नावं ठेवणारा माणूस वेलीच्या जवळ उभा राहिलेला आहे, त्यानं तिला कापलंय, गुरं तिचं काय करतात ते पाहिलंय. कौतुकाची नावंही आहेत. अमृता, वयःस्था. रावणाशी झालेल्या युद्धात मेलेल्या वानरांवर इंद्रानं अमृत शिंपलं, त्याचे थेंब जिथे जिथे पडले तिथे ही वेल उगवली, अशी कथा सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाशा'त आहे. गोष्ट सुंदरच आहे. पण आमच्या पत्रकानं काय केलं? वेल ओळखायला मदत करणारी नावं सगळी गाळली आणि 'अमृता' तेवढी उचलली.

गुणांचं तसंच. चरकसंहितेत बुद्धी वाढवणारी म्हणून जी चार रसायनं सांगितली आहेत त्यांत गुळवेलीचा रस आहे. मोठाच मान आहे तो. पण नीट योजलं तर जहाल विषही उत्तम औषध होतं आणि चुकीचं योजलं तर औषधही विष होतं, अशा अर्थाचं त्याच ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात म्हटलंय. मात्रा, काळ, रोग्याची प्रकृती, कशाबरोबर द्यायचं, या चौकटीबाहेर तिथे कुठलंही द्रव्य नुसतंच 'चांगलं' नसतं. शंकर दाजीशास्त्री पदे यांचं 'आर्यभिषक्' आपल्याकडे कितीतरी घरांत असायचं. त्या परंपरेतली पुस्तकं दावे सढळ हातानं करतात, हे खरं. पण अमक्या रोगावर, अमक्या अनुपानाबरोबर, असं बजावत बजावत करतात. 'सर्वांनी रोज घ्या, काही होत नाही' हा आजचा शोध आहे. तो परंपरेच्या नावावर खपतो, एवढंच.

आता वेलीकडे वळू. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. कॉर्डिफोलिया म्हणजे हृदयाच्या आकाराच्या पानांची. कुळ मेनिस्पर्मेसी, चंद्र आणि बी या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून हे नाव झालं, कारण या कुळातलं बी चंद्रकोरीसारखं वाकलेलं असतं. या कुळातली मंडळी आपल्या ओळखीची आहेत. कुंपणावरची वासनवेल, पहाडवेल. आणि काकमारी, जिची फळं पाण्यात टाकून मासे गुंगवतात. दक्षिण अमेरिकेत बाणांना लावायचं क्युरारे नावाचं विष याच कुळातल्या एका वेलीपासून करत, आणि विसाव्या शतकात त्यातलाच एक घटक शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी वापरात आला. एकूण घराणं कर्तबगार आहे, पण निरुपद्रवी म्हणावं असं नाही.

गुळवेलीत नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. मटारएवढी लाल फळं धरतात ती मादी वेलीवर. आम्ही शंभरेक घरांत छाट दिले, ते सगळे एकाच वेलीचे. आज तीन-चार वर्षं झाली, एकाही घरातून लाल फळं आल्याचा निरोप नाही. म्हणजे आम्ही एकाच नराच्या शंभर प्रती वाटल्या. (हे आम्हाला वाटताना माहीत नव्हतं, हेही पत्रकाच्या दर्जाबद्दल बरंच सांगून जातं.)

'कडुनिंबावरचीच गुळवेल घ्यावी' हे तर पत्रकात ठळक अक्षरांत होतं. निंबावरची गुळवेल श्रेष्ठ मानायची जुनी रीत आहे, आणि तिची टिंगल करायचं आम्हाला कारण नाही. पण ती निंबाचा कडूपणा शोषून घेते, हे जे कारण सांगतात ते पटणारं नाही. गुळवेल म्हणजे बांडगूळ नव्हे. ती झाडाचा आधार घेते, अन्न घेत नाही. तिची मुळं तिच्या स्वतःच्या जमिनीत असतात. आंब्यावर चढलेली गुळवेलही कडूच लागते.

ओळखीचा प्रश्न मात्र गंभीर आहे. हृदयाकृती पान ही काही खूण नव्हे. कडू कारांद्याचं पानही लांबून तसंच दिसतं. आणि कोरड्या दिवसांत गुळवेलीची पानं गळून जातात, तेव्हा तर हातात उरतं ते फक्त खोड. त्यावरची साल कागदासारखी पातळ, सुटी होणारी, खाली हिरवी, आणि पृष्ठभागावर बारीक पुटकुळ्यांसारखे ठिपके. तिची सख्खी बहीण टिनोस्पोरा क्रिस्पा, जी आग्नेय आशियात औषध म्हणून वापरतात, तिच्या खोडावर चामखिळीसारखे ठसठशीत उंचवटे असतात. तिसरी एक बहीण आहे, तिच्या पानांची खालची बाजू लवदार, मखमली. गुळवेलीचं पान गुळगुळीत. वाळवून, तुकडे करून पिशवीत भरलं की या खुणांपैकी किती शिल्लक राहतात, ते बाजारात उभं राहून बघा. आणि भुकटी झाल्यावर? मग लेबलावर विश्वास ठेवायचा, दुसरं काय.

याच्याही पुढचा घोळ रूपांचा आहे, आणि आमच्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडे होतं. 'मी गुळवेल घेते' असं कुणी म्हणालं की त्याचे किमान चार अर्थ होतात. ताजं खोड ठेचून काढलेला स्वरस. उकळून आटवलेला काढा. तोच काढा आटवत आटवत घट्ट करून केलेला घन, ज्याच्या गोळ्या होतात. आणि सत्त्व. सत्त्व करताना खोड ठेचून पाण्यात कुस्करतात, चोथा काढून टाकतात, पाणी निवळू देतात आणि तळाशी बसलेला पांढरा गाळ वाळवतात. हा गाळ मुख्यतः पिष्ट असतो. कडू द्रव्यं बरीचशी वरच्या पाण्याबरोबर ओतून दिली जातात. याउलट घनात पाणी जातं आणि कडू द्रव्यं उरतात. म्हणजे चिमूटभर सत्त्व आणि तेवढाच घन यांत नाव सोडलं तर फारसं काही समान नाही. आमच्या पत्रकात काय होतं? 'रोज बोटभर तुकडा उकळून घ्यावा.' बोट कुणाचं? आजोबांचं की नातवाचं? जाडी किती? आणि किती दिवस? हा शेवटचा प्रश्न तर आम्हाला सुचलाही नव्हता. ऑक्टोबर २०२० मध्ये आयुष मंत्रालयाची कोविडसाठीची उपचार-मार्गदर्शिका आली. तिच्यात निदान गुडुची घनवटी ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ठरावीक मुदतीपुरती, असं तरी होतं. रूप, मात्रा आणि मुदत. त्या शिफारशीशी कुणाचे मतभेद असू शकतात, पण मतभेद व्हायलाही आधी नेमकं विधान लागतं.

आता मुंबईकडे. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर वर्षानुवर्षं काम केलं. 'फुलवा', 'वृक्षगान' यांमुळे मराठी वाचक डहाणूकरांना झाडाफुलांच्या लेखिका म्हणून ओळखतो. त्या औषधशास्त्रज्ञही होत्या. १९९३ साली रेगे, बापट, डहाणूकर आदींचा एक शोधनिबंध आला. विषय होता अवरोधी कावीळ, म्हणजे पित्तनलिका खड्यानं किंवा गाठीनं अडून होणारी. अशा रुग्णांची शस्त्रक्रिया धोक्याची असते, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळण्यात आणि मारण्यात दुबळ्या पडलेल्या असतात. ३० रुग्ण, दोन गट. दोन्ही गटांना नेहमीचे उपचार, म्हणजे के जीवनसत्त्व, प्रतिजैविकं, पित्ताचा निचरा. एका गटाला त्याशिवाय गुळवेल, वजनाच्या दर किलोमागे रोज १६ मिलिग्रॅम. गुळवेल न मिळालेल्या गटात निम्म्या रुग्णांना रक्तात जंतुसंसर्ग झाल्याची लक्षणं दिसली, गुळवेलीच्या गटात एकालाही नाही. शस्त्रक्रियेनंतर जगण्याचं प्रमाण ४० टक्के विरुद्ध ९२.४ टक्के.

आकडे थक्क करणारे आहेत. रुग्ण ३०च होते, तेव्हा असा अभ्यास मोठ्या प्रमाणावर पुन्हा करून बघायला हवा, हे कुणीही सांगेल. पण आम्हाला दाखवायची आहे ती त्यातली वेगळीच एक ओळ. या निबंधाचा हवाला बहुतेक वेळा 'गुळवेल यकृताला चांगली, काविळीवर रामबाण' असं सांगण्यासाठी दिला जातो. आम्हीही दिला होता. आणि निबंधात लिहिलंय की निचऱ्यानंतर दोन्ही गटांचं यकृताचं कार्य सारखंच होतं. फरक पडला तो पांढऱ्या पेशींच्या कामात! म्हणजे या अभ्यासातला गुळवेलीचा गुण यकृत दुरुस्त करण्याचा नव्हता. प्रतिकारयंत्रणेला हलवण्याचा होता.

हे मनात ठेवा आणि पुढे चला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२०, पुन्हा मुंबईच. यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. यकृताला तीव्र सूज, गुळवेल घेतल्याचा इतिहास, आणि यकृताच्या तुकड्याच्या तपासणीत ऑटोइम्यून स्वरूपाच्या खुणा. ऑटोइम्यून म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा घरच्याच माणसांवर लाठी उगारते तो प्रकार. २०२१ च्या जुलैमध्ये आयुष मंत्रालयानं या निबंधावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती हे तपासलेलं नाही, ती क्रिस्पासारखी दुसरी जातही असू शकते; मात्रा नाही, रुग्णांचे आधीचे आजार आणि औषधं यांचा पुरेसा तपशील नाही. मग २०२२ मध्ये देशभरातल्या १३ केंद्रांचा एकत्रित अभ्यास आला. त्यात ४३ रुग्ण, निम्म्याहून अधिक स्त्रिया, सुरुवात केल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवस. मिळवलेल्या नमुन्यांचं रासायनिक परीक्षणही केलेलं. निष्कर्ष असा की गुळवेलीमुळे ऑटोइम्यूनसारखा यकृतदाह उद्भवतो, किंवा आधीच दबून असलेला आजार उघडा पडतो.

दोन्ही बाजूंचं वाचताना आम्हाला एक गंमत दिसली. गंमत कसली, चिंताच. ओळख पटवा, हा मंत्रालयाचा आक्षेप अगदी रास्त होता. पण हीच कडक अट 'गुळवेल सुरक्षित आहे' असं म्हणताना कुणी लावली का? कोट्यवधी घरांत जे उकळलं जात होतं ते नक्की कॉर्डिफोलियाच होतं, हे कुणी तपासलं? जी चाळणी दोषारोपाला लावायची तीच प्रशस्तिपत्रालाही लावली पाहिजे. दुसऱ्या बाजूला, ४३ हा आकडा ऐकून 'गुळवेल म्हणजे विष' अशा बातम्या झाल्या. त्या काळात किती लोकांनी गुळवेल घेतली हा छेद माहीत नसेल तर ४३ या अंशाचं करायचं काय? हे दुर्मीळ आहे की वारंवार घडणारं, हे या अभ्यासातून कळत नाही, आणि त्याचा उद्देशही तो नव्हता. घडू शकतं, एवढं मात्र कळतं.

रसायनांकडे बघितलं तर शंकेला थोडी जागा आहे. गुळवेलीत क्लेरोडेन नावाच्या गटातली कडू द्रव्यं असतात. याच मोठ्या गटातली द्रव्यं असलेली जर्मँडर ही युरोपीय वनस्पती वजन उतरवण्यासाठी फ्रान्समध्ये विकली जायची. यकृताला इजा झाल्याची प्रकरणं पुढे आल्यावर १९९२ मध्ये तिथे तिच्यावर बंदी आली. गट एक म्हणून गुन्हा एक, असं होत नाही. पण चौकशी तरी व्हायला हवी.

आता पत्रकातल्या वाक्याचे दोन्ही भाग शेजारीशेजारी ठेवून वाचू. 'प्रतिकारशक्ती वाढवते.' 'दुष्परिणाम नाही.' आमचं म्हणणं एवढंच आहे की हे दोन भाग एका वाक्यात राहू शकत नाहीत. के.ई.एम.च्या कामावर विश्वास ठेवायचा, तर गुळवेल प्रतिकारयंत्रणेवर खरोखर काहीतरी करते. मग ज्यांची तीच यंत्रणा आधीच बिथरलेली आहे, त्यांच्यातही ती काहीतरी करणार, हे गृहीत धरूनच चालायला हवं. परळच्या रुग्णांना ज्या गुणानं हात दिला असेल, तोच दुसऱ्या कुणाला भोवू शकतो. हा दुवा आम्ही जोडतोय, तो सिद्ध झालाय असा दावा नाही. पण पर्याय काय आहे? ती कुणालाच काही करत नाही म्हणायचं, तर मग ती प्यायचीच कशाला? गुळवेलीचे भक्त तिला सौम्य, निरुपद्रवी म्हणतात तेव्हा ते तिला औषधाच्या पंगतीतून उठवून सरबताच्या पंगतीत बसवतात, हे त्यांच्या लक्षात येत नाही. आमच्याही आलं नव्हतं.

'वाढवणे' या क्रियापदाबद्दलही तक्रार आहे. प्रतिकारशक्ती ही काही टाकीतल्या पाण्याची पातळी नाही, की जितकी वर तितकी बरी. आमवात, ल्युपस, थायरॉइडचे काही विकार यांत ती नको तिथे जागी असते. अशा काही रुग्णांना डॉक्टर ती दाबणारी औषधं देतात, आणि घरात काढा उकळत असतो ती वाढवण्यासाठी. डॉक्टर 'आणखी काही घेता का?' विचारतात तेव्हा काढ्याचं नाव कुणी घेत नाही, कारण ते 'औषध नाही'. काकूंनीही सांगितलं नव्हतं. त्यांना दोष कसा द्यायचा? तसं आम्हीच छापून दिलं होतं.

दोन प्रश्न आधीच चिठ्ठीवर आले आहेत, ते घेतो आणि थांबतो.

पहिला : "आम्ही घेत असू तर काय करावं?" ज्यांना ऑटोइम्यून आजार किंवा यकृताचा जुना आजार आहे, त्यांनी स्वतःच्या मनानं घेऊ नये. बाकीच्यांनी घ्यायचीच असेल तर वैद्यांकडून रूप, मात्रा आणि मुदत ठरवून घ्यावी, आणि आपल्या डॉक्टरांनाही ते सांगावं. घेत असताना लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, अन्नावरची वासना उडणं, मळमळ, विनाकारण थकवा, यांतलं काही जाणवलं तर त्याच दिवशी बंद करून तपासणी करून घ्यावी. वाट बघत बसू नये.

दुसरा प्रश्न काकूंचाच आहे, त्या आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. "कुंडीतली वेल उपटून टाकू का?" नका टाकू, काकू. तिचा यात काही दोष नाही, आणि उपटून टाकलीत तरी कुठेतरी तुकडा राहील आणि पुन्हा फुटेल; नावच छिन्नरुहा. जुनं पत्रक मात्र घरात असेल तर परत द्या. सुधारलेलं पत्रक दाराशी ठेवलंय. त्यात चकतीचं चित्र आहे, तिन्ही बहिणींच्या खुणा आहेत, आणि 'बोटभर' हा शब्द काढून टाकलाय. ताटल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचल्या असतील तर कृपया पुढे पाठवा, आणि हात धुऊन घ्या. कडूपणा बोटांना बराच वेळ राहतो.